पांढऱ्या पानाचं घराणं

धरमपेठेत कृष्णकांत पोटनिसांकडे कोणी गेलं, की त्याला आधी पाणी मिळत नसे. आधी वेल बघावा लागे. व्हरांड्यात पितळेचं एक गंगाळ होतं, इतवारीच्या भांडेबाजारातून घासाघीस करून आणलेलं, आणि त्यात काथ्या गुंडाळलेल्या खांबावर एक मनी प्लांट चढवलेला होता. शहात्तर-सत्त्याहत्तर साली नागपुरात मनी प्लांट घरोघरी होता. कोणाकडे औषधाच्या बाटलीत, कोणाकडे फुटक्या बरणीत, कोणाकडे रेडिओच्या डोक्यावर. पण ती सगळी हिरवी जनता. पोटनिसांच्या वेलाची पानं दुधात बुडवून काढल्यासारखी होती आणि त्यांवर हिरव्या रंगाचे जेमतेम काही शिंतोडे होते. पाहुणा उन्हातून आलेला असो की पावसातून, त्याने आधी वेलापुढे उभं राहून ‘वा!’ म्हणायचं आणि मग आत येऊन बसायचं, असा त्या घराचा रिवाज होता.

‘याला घराणं लागतं,’ कृष्णकांत सांगत.

घराणं त्यांच्याकडे होतं. त्यांच्या कोणा खापरपणजोबांनी भोसल्यांच्या राज्यात खजिन्याचं काम पाहिलं होतं. त्यानंतर त्या घरात सांगण्यासारखं दुसरं काही घडलं नाही, त्यामुळे पुढच्या सगळ्या पिढ्या तेवढंच सांगत आल्या. कृष्णकांत स्वतः एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटले आणि हेडक्लार्क म्हणून सुटले. मधल्या काळात त्यांनी फायली या टेबलावरून त्या टेबलावर पाठवल्या. पण चालताना ते अजूनही कमरेला खजिन्याच्या किल्ल्या असल्यासारखे चालत.

वेलाची कुळकथा मात्र इतकी स्वच्छ नव्हती. निवृत्तीच्या दिवशी सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांच्या बंगल्यावर निरोपाचा चहा होता. सगळे भज्यांत गुंतलेले असताना कृष्णकांतांनी पोर्चमधल्या वेलाचा एक तुकडा मोडून मिटलेल्या छत्रीत सरकवला. मनी प्लांट चोरून आणला तरच घराला लाभतो, असं लोक मानतात. कृष्णकांत लोकांचं सहसा काही मानत नसत, पण तेवढं एक मानलं. वर्षभरात तो वेल ‘साहेबांनी खास बोलावून स्वहस्ते दिला’ असा झाला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर देताना साहेबांचे डोळे पाणावले होते.

वेल वाढला तशा शेजाऱ्यांनी फांद्या मागितल्या. कृष्णकांतांनी त्या सनद दिल्यासारख्या दिल्या. शेजारचे चंपतराव रेल्वेतून रिटायर झालेले; त्यांनी आपली फांदी माजघरातल्या कपाटावर ठेवली. समोरच्या सिंधूताईंनी न्हाणीघराच्या खिडकीत टांगली. दोन्हीकडे नवीन पानं आली ती आधी पोपटी, मग हिरवीगार, कोणाच्याही घरी असावीत तशी.

‘काय जी पोटनीस, रंग कच्चा होता का तुमच्या वेलाचा?’ चंपतरावांनी कुंपणापलीकडून विचारलं. ‘आमच्याकडं येऊन उतरला नं पुरा!’

‘वेल माणसं ओळखतो, चंपतराव. त्याला आम्ही काय करणार?’

खरं कारण कृष्णकांतांना चांगलं ठाऊक होतं. बागकामाच्या एका मासिकात त्यांनी ते वाचलं होतं. असल्या चितकबऱ्या पानांचा रंग पक्का नसतो. उजेड कमी पडला की वेल पांढऱ्याची चैन सोडतो आणि पोटासाठी हिरवा होतो. कधी भरपूर उजेडातही बुडातून एखादी फांदी आपली हिरवीच फुटते, आणि ती वेळीच काढली नाही तर बघता बघता पांढरीला मागे टाकते. पोटनिसांच्या व्हरांड्याला बांबूच्या काड्यांची चिक सोडलेली होती आणि तिच्यातून दिवसभर सौम्य उजेड झिरपत असे. शिवाय त्यांची मुलगी चारुशीला ड्यूटीवर जाण्याआधी ते जड गंगाळ उजेडाकडे सरकवून ठेवी आणि आल्यावर पुन्हा फिरवून ठेवी. या सगळ्या गोष्टी ‘घराणं’ या एका शब्दात बसत असल्यामुळे कृष्णकांत त्या वेगळ्या सांगत नसत.

मासिकातलं विज्ञान मात्र ते हौसेने सांगत. ‘पानाचा हिरवा भाग उन्हात अन्न तयार करतो. पांढरा भाग काही करत नाही.’

‘काहीच नाही करत?’ समोरचा विचारी.

‘त्याला करावं लागत नाही! राजवाड्यात राजा पोळ्या लाटतो का?’

हे ऐकलं की आत कणीक मळत असलेल्या त्यांच्या पत्नी यमुताई परातीत हात जरा जोरात आपटत.

त्यांना दोन मुलं. थोरली चारुशीला, घरातली चारू, आणि धाकटा वसंत. वसंत लख्ख गोरा, नाकेला, घाऱ्या डोळ्यांचा. घराण्याचं सगळं तेज त्याच्या चेहऱ्यावर येऊन संपलं होतं. बी.ए.ला तो अधूनमधून बसत असे, आणि एरवी योग्य संधीची वाट बघत असे. संधी काही सकाळी लवकर येत नाही हे माहीत असल्यामुळे तो नऊच्या पुढे उठे. चारू सावळी.

‘तुझ्या माहेरावर गेली,’ कृष्णकांत बायकोला म्हणत.

‘म्हणूनच सकाळी उठते,’ यमुताई म्हणत.

चारू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. डोक्याला हेडफोन लावून ती दिवसभर अर्ध्या विदर्भाला उरलेल्या विदर्भाशी जोडून देई. घर तिच्या पगारावर चाले. पेन्शनीत वर्तमानपत्र, सुपारी आणि कृष्णकांतांचा रुबाब भागे. गहू, दूध, वीज, उन्हाळ्यात खिडकीला लावून ओले करायचे खसाचे, म्हणजे वाळ्याचे, ताटे आणि वसंताच्या बेलबॉटम पँटी हे बाकीचं तिच्याकडे. ही गोष्ट त्या घरात कोणी कधी बोलून दाखवली नाही. चारूनेही नाही.

तिला दाखवायचे कार्यक्रम होत. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. यमुताई सांबारवड्या तळत, आणि पाहुणे वड्यांना लगेच होकार देऊन मुलीबद्दल ‘कळवतो’ म्हणत. जाता जाता वसंताकडे पाहून ‘मुलीचे बंधू मात्र छान आहेत हो’ असं म्हणायला विसरत नसत. नकाराचं कार्ड आलं की कृष्णकांतांना मनापासून वाईट वाटे. एक तारीख आली की बरं वाटे. हे बरं वाटणं नेमकं कशाचं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही, कारण सरकारी नोकरीत कोणते प्रश्न उपस्थित करू नयेत हे ते शिकले होते.

त्या पावसाळ्यात वेलाच्या बुडातून एक हिरवी फांदी फुटली. जाड, टवटवीत, दांडगी. आठवडाभरात ती खांबाच्या निम्म्यावर आली. कृष्णकांतांनी कात्री मागवली.

‘काहून कापून राहिले हो?’ यमुताई म्हणाल्या. ‘चांगली वाढून राहिली नं!’

‘तोच तर गुन्हा आहे तिचा,’ असं म्हणून त्यांनी ती बुडाशी छाटली आणि कंपाउंडबाहेर फेकली. संध्याकाळी ड्यूटीवरून येताना चारूने ती उचलून आणली आणि हॉर्लिक्सच्या बाटलीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. कृष्णकांतांनी नाक मुरडलं. पण स्वयंपाकघर हे त्यांचं राज्य नसल्यामुळे ती फांदी वाचली.

आणि दिवाळीच्या सुमारास वेलाला अशी फांदी आली, की कृष्णकांतांना आभाळ ठेंगणं झालं. तिच्यावर शिंतोडासुद्धा नव्हता. देठ पांढरा, पान पांढरं, शेंडा पांढरा. खांबाच्या टोकाशी ती अशी काही डोलत होती, की कृष्णकांत तिच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. खापरपणजोबांनंतर घरात सांगण्यासारखं काही घडलं असेल तर ते हेच. जानेवारीत एका उद्यान मंडळाचं पुष्पप्रदर्शन होतं, त्यात शोभेच्या पानांसाठी वेगळा चषक असे. तो दरवर्षी सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांकडे जाई. यंदा तो धरमपेठेत येणार, हे कृष्णकांतांनी चंपतरावांना आत्ताच सांगून टाकलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी खाकी शर्टातला एक उंच माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. सायकलच्या कॅरिअरला संत्र्यांचं पोतं बांधलेलं.

‘मी रुपराव बनाईत जी. टेलिफोनमध्ये लाइन इन्स्पेक्टर आहो.’

टेलिफोन हा शब्द कानावर पडताच कृष्णकांत स्वतः उठून फाटकापर्यंत गेले. फोनसाठी त्यांनी अर्ज केला होता त्याला इतकी वर्षं झाली होती, की अर्जातलं ‘चिरंजीव शाळेत आहेत’ हे वाक्य आता खोटं झालं होतं. त्यांनी रुपरावांना अदबीने व्हरांड्यात आणलं आणि रिवाजाप्रमाणे वेलापुढे उभं केलं. रुपरावांनी वाकून पाहिलं, पान उलटवून मागून पाहिलं, बोट फिरवलं. माणूस नरखेडकडचा, वाडवडिलांपासून संत्र्याच्या बागेत वाढलेला.

‘बिमारी झाली का जी याले?’ त्यांनी काळजीने विचारलं. ‘आमच्याकडं संत्र्याचं पान असं पांढरं पडलं का दवा मारतात. भावाकडं आहे डबा. आणून देऊ का?’

फोन मिळेल या आशेने कृष्णकांतांनी हा अपमान गिळला. ‘ते असू द्या. फोन कुठे बसवायचा म्हणता? मला वाटतं, वेलाशेजारी.’

‘फोनचं नाही जी.’ रुपराव सरळ उभे राहिले. ‘मी चारुशीलाबाईसाठी आलो. आम्हाले लग्न करायचं आहे. तिले मी विचारलं, तं ती म्हणे, बाबाले विचारा.’

आतल्या परातीतला आवाज थांबला. कृष्णकांत खुर्चीत बसले. लाइन इन्स्पेक्टर. शेतकऱ्याचा मुलगा. पोटनिसांच्या वेलाला दवा मारायला निघालेला.

‘तुमचं घराणं?’ त्यांनी विचारलं.

‘घराणं म्हणजे शेतकरीच आहो जी. संत्रा आहे, थोडी कपाशी आहे. भाऊ पाहते.’

‘आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही.’

‘आमच्यातही कुठं झालं!’ रुपराव हसून म्हणाले. ‘माझ्या मायनं तं दोन दिवस जेवण नाही केलं. मंग केलं.’

चारू दारात येऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, मला यांच्याशीच लग्न करायचंय. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून वगैरे जाणार नाही. तुमच्या होकाराची वाट पाहीन. कितीही दिवस.’

कृष्णकांतांनी त्या दिवशी नाही म्हटलं, आणि घराण्याचं नाव पुढे करून म्हटलं. पण मुलगी दारातून आत गेली तेव्हा त्यांच्या मनात आलं ते घराण्याबद्दल नव्हतं. ही गेली तर एक तारखेला या घरात पगार कोण आणणार, ही साधी भीती होती ती. भोसल्यांच्या खजिनदाराच्या वंशजाला असली भीती शोभत नाही, म्हणून त्यांनी तिला जातीचे कपडे घातले आणि ती अभिमान म्हणून मिरवली. रुपराव ‘बरं जी’ म्हणून निघून गेले. संत्र्यांचं पोतं मागे राहिलं. ते परत पाठवावं असं कृष्णकांतांना तत्त्वतः वाटत होतं, पण तोवर वसंताने ते फोडलं होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कृष्णकांत कात्री घेऊन वेलापुढे बसले. टोकाची ती निष्कलंक फांदी त्यांनी जपून बाजूला धरली, आणि खालच्या सगळ्या शिंतोड्यांच्या फांद्या, ज्या तिला इतके दिवस पोसत होत्या, एकेक करून छाटल्या. हिरव्याचा ठिपकाही ठेवला नाही.

यमुताई बघत होत्या. ‘अहो, तुम्हीच तर सांगता नं, हिरवं पान अन्न करते म्हणून? आता हे बापडं खाईल काय?’

‘तुला सौंदर्यातलं काही कळत नाही.’

‘खाण्यातलं कळते,’ असं म्हणून त्या आत गेल्या.

चषक मिळाला. परीक्षकबाई वेलापुढे थबकल्या, ‘किती शुद्ध!’ म्हणाल्या, आणि तो शब्द कृष्णकांतांनी जपून घरी आणला. चषक मांडीवर घेऊन ते पुढच्या सायकलरिक्षातून आले. गंगाळ सांभाळत चारू मागच्या रिक्षातून आली. गल्लीतले लोक येऊन गेले, पेढे झाले, चंपतरावांनीसुद्धा ‘मानलं बॉ’ म्हटलं. कृष्णकांतांच्या डोक्यात ते सगळं चांगलंच चढलं. आणि नेमकं तेव्हा चारूने पेढ्याचं ताट खाली ठेवून विचारलं, ‘बाबा, रुपरावांना काय सांगू?’

एरवी ते ‘नंतर बघू’ म्हणाले असते. ‘नंतर बघू’वर त्यांची सगळी नोकरी झाली होती. पण समोर चषक होता, शेजारी शुद्ध पांढरा वेल होता आणि चार माणसं ऐकत होती. ते उठून उभे राहिले.

‘काय सांगायचं ते सांग! जायचं तर खुशाल जा! पोटनिसांचं घर तुझ्यावाचून अडून बसलेलं नाही!’

त्यांच्या हिशेबाने यानंतर मुलीने रडत आत जायचं होतं, आणि उद्यापासून पुन्हा गंगाळ सरकवायचं होतं. चारू रडली नाही. ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, ‘तुम्ही जा म्हणालात, हेच पुष्कळ झालं.’ चार माणसांसमोर दिलेला शब्द आता परत घेता येणार नव्हता. कृष्णकांत चषक हातात घेऊन उभेच राहिले.

फेब्रुवारीत रजिस्टर पद्धतीने लग्न झालं. यमुताई गेल्या, वसंत जेवणाच्या वेळेला गेला. कृष्णकांत गेले नाहीत. वेलाला पाणी घालायचं होतं म्हणाले. चारूने जाताना घरातलं काही नेलं नाही, फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतली हॉर्लिक्सची बाटली नेली.

मार्चची एक तारीख कृष्णकांतांनी जीव मुठीत धरून काढली. पण काही झालं नाही. दूध आलं, गहू आला, डाळीला फोडणी पडली. एप्रिलमध्ये खिडक्यांना खसाचे नवे ताटेसुद्धा लागले. कृष्णकांतांनी हळूहळू मुठीतला जीव सोडला आणि तोंडही सोडलं.

‘पाहा चंपतराव, कोणाचं कोणावाचून अडत नाही. पेन्शन आहे, टापटीप आहे. यमूला मी पहिल्यापासून काटकसरीचं वळण लावलेलं आहे.’

‘मोठं वळण आहे बॉ,’ चंपतराव म्हणाले. ‘आमच्या पेन्शनीत तं खस सोडा, पंखा हळू फिरवा लागते.’

घर चाललं होतं, आणि वेल मात्र चालत नव्हता. पांढऱ्या पानांच्या कडा आधी तांबूस झाल्या, मग तपकिरी, मग कुरकुरीत. कृष्णकांतांनी खत घातलं, ताकाचं पाणी घातलं, गंगाळ स्वतः सरकवायला गेले आणि कंबर धरून बसले. एक नवं पान आलं ते नखाएवढं, आणि उलगडण्याआधीच गळून पडलं. मासिकातलं ते वाक्य त्यांना पाठ होतं. तरी ते सगळ्यांना उन्हाळा कडक आहे असंच सांगत. नागपुरात ही सबब कोणीही मान्य करतो.

मधे अमरावतीहून वसंताला बघायला मंडळी आली. मुलीच्या वडिलांनी वेलाच्या काड्यांकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं, वसंताच्या रंगाचं कौतुक केलं, आणि मग विचारलं, ‘चिरंजीव करतात काय?’

‘त्याला करावं लागत...’ इथपर्यंत बोलून कृष्णकांत थांबले. त्यांना खोकला आला. यमुताईंनी पाणी आणून दिलं. मंडळी वड्या खाऊन गेली आणि ‘कळवतो’ म्हणाली. हा शब्द वसंतासाठी त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आला.

मेच्या अखेरीस वेल मेला. गंगाळात काथ्याचा खांब उरला आणि त्याच्याशेजारी चषक. येणाऱ्याला दाखवायला काही नाही, त्यामुळे आता लोकांना आल्या आल्या पाणी मिळू लागलं. कृष्णकांतांना हे सहन होईना. एका सकाळी त्यांनी टोपी घातली, छत्री घेतली आणि यमुताईंना ‘जरा वाचनालयात जाऊन येतो’ असं सांगून ते सिटी बसने काटोल रोडला, मुलीच्या क्वार्टरवर गेले. फांदी मागायची, बाकी बोलायचं नाही, असं त्यांनी रस्ताभर घोकलं. त्याच वेलाची फांदी आहे, म्हणजे मूळ मालकी आपलीच, हेही एकदा घोकून ठेवलं.

वेल दारातच दिसला. हॉर्लिक्सच्या बाटलीतून तो आता तेलाच्या डब्यात आला होता आणि खिडकीच्या गजांवरून चढून छपराला टेकला होता. पानं तळहाताएवढी, हिरवीगार. एखाददुसऱ्या पानावर पांढऱ्याची एक बारीक रेघ होती. कृष्णकांत बघत राहिले. त्यांच्या तोंडून ‘वा’ निघालं नाही, पण नजर काही हलली नाही.

‘या जी मामाजी, या!’ रुपराव ड्यूटीवर निघायच्या बेतात होते. सासरेबुवा पहिल्यांदाच घरी आले म्हणून ते धांदलले, खुर्ची झटकली, चारूला हाक मारली. आणि भाबडेपणाने म्हणाले, ‘बरं झालं तुम्ही आले. नाहीतं दर महिन्याले मामीजीले एवढं ओझं सिटी बसनं न्यावं लागते. मी म्हणतो सायकलनं पोचवून देतो, तं त्या नाही म्हणतात.’

त्यांनी खुंटीवरून एक पिशवी काढून कृष्णकांतांसमोर ठेवली. पिशवी फुगलेली, गव्हाने, डाळीने, वर साबणाच्या वड्या आणि चहाचं पाकीट. कृष्णकांतांनी ती लगेच ओळखली. त्यांच्या कचेरीच्या जुन्या करड्या पँटची होती ती. यमुताईंनी शिवताना मागचा खिसासुद्धा तसाच ठेवला होता. हेडक्लार्क म्हणून त्या पँटमध्ये ते किती रुबाबात खुर्चीवर बसत. आता तिच्यात मुलीचे गहू भरलेले होते.

चारू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि पिशवी बघून जागीच थांबली. ‘अहो, तुम्ही कशाला...’ ती नवऱ्याला म्हणाली. रुपरावांना काय चुकलं ते कळेना.

‘केव्हापासून?’ कृष्णकांतांनी विचारलं.

‘पहिल्या महिन्यापासून,’ चारू म्हणाली. ‘आई घेत नव्हती, बाबा. मीच गळ घातली. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं.’

‘आणि ते ताटे? खसाचे?’

रुपरावांनी वर छताकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या खिडकीला ओलं गोणपाट बांधलेलं होतं, ते कृष्णकांतांना आत्ता दिसलं.

कृष्णकांतांना लाज वाटली. चषक मिळाल्यापासून चंपतरावांना ऐकवलेलं एकेक वाक्य त्यांना आठवलं, आणि प्रत्येक वाक्य बोलताना त्यांच्या तोंडात या मुलीच्या घासाची चव होती. अडत नाही म्हणे. टापटीप म्हणे. ज्या घराने तिला दारात उभं करून काळीसावळी म्हणून परत परत दाखवलं, त्या घराला ती अजून जगवत होती, आणि वर त्यांच्या तोऱ्यालाही धक्का लागू देत नव्हती. त्यांना वाटलं, तिचं काही कौतुक करावं, निदान बरं बोलावं. पण कौतुक करायची सवय त्यांना फक्त पानांची होती.

‘तुझा वेल चांगला आलाय,’ ते म्हणाले.

‘हिरवा झाला, बाबा. रंग नाही टिकला.’

‘असू दे.’ त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. ‘मला यातली एक फांदी देशील?’

चारूने कात्री आणली. कुठून कापू, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी बोट दाखवलं ते रेघ असलेल्या पानाकडे नव्हतं. शेजारची जाड हिरवी फांदी त्यांनी मागितली. रुपरावांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून दिली आणि पिशवी बस स्टॉपपर्यंत नेतो म्हणाले. कृष्णकांत नको म्हणाले. पिशवी त्यांनी स्वतःच उचलली, आणि ती किती जड आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

घराजवळ आले तेव्हा चंपतराव फाटकात उभे होते. घामाने निथळणारे पोटनीस, एका हातात फुगलेली पिशवी आणि दुसऱ्या हातात फांदी, हे दृश्य त्यांनी नीट पाहून घेतलं.

‘कोनाच्या बंगल्यातून उडवला हा?’ त्यांनी फांदीकडे बोट दाखवून विचारलं.

‘उडवला नाही. मागून आणला.’

‘मंग लागत नाही जी! मनी प्लांट मागून आणला का लागत नाही म्हणतात.’

कृष्णकांतांनी पिशवी जमिनीवर ठेवली. आत यमुताई दाराशी आल्या होत्या, आणि पिशवी बघून त्यांचा चेहरा उतरला होता. कृष्णकांतांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग चंपतरावांकडे, आणि गल्लीत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले,

‘लागेल, चंपतराव. चारूने दिलाय. घरात फेब्रुवारीपासून सगळं तिचंच लागतंय.’

मग ते फांदी घेऊन व्हरांड्यात गेले आणि गंगाळातला खांब उपटायला लागले.